टॉवेलखालचं उत्तर

आमच्या ऑफिसात एका मॉनिटरवर कायम टॉवेल टाकलेला असायचा. हात पुसायचा, निळ्या चौकड्यांचा, कडेचे धागे सुटलेला. नव्या माणसाला वाटायचं, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या धुळीपासून बचाव म्हणून असेल. मलाही तसंच वाटलं, आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशी आपला चांगुलपणा दिसावा म्हणून मी तो उचलून झटकायला गेलो. मागून आवाज आला, "अंदाज बोलला का?"

मी म्हणालो, "कसला अंदाज?"

"मग टॉवेलला हात कशाला लावतो?"

त्या आपा. मूळच्या येवल्याच्या, आणि मूळच्या कसल्या, शेवटपर्यंत येवल्याच्याच. आईला येवला सोडवेना आणि आपांना आई सोडवेना, म्हणून बाई रोज सकाळची एसटी धरून नाशिकला यायच्या आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायच्या. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी मूर्ती, डोक्यावरून घेतलेली सुती ओढणी आणि पायात पुरुषी सँडल, कारण बायकांच्या चपला एसटीची पायरी बघून बनवलेल्या नसतात असं त्यांचं ठाम मत होतं. ऑफिसात सगळे त्यांना आपा म्हणायचे. आमचे साहेब वयानं त्यांच्याहून मोठे, तेसुद्धा.

आमची कंपनी काय करते हे मला आजवर एकाही लग्नात धड सांगता आलेलं नाही. आम्ही डीबगर बनवतो, असं म्हटलं की समोरचा पुरीचा पुढचा घास घेतो. इथे जरा सवडीनं सांगतो. हल्ली प्रत्येक यंत्रात एक चिप असते आणि तिच्यात कुणीतरी लिहिलेला प्रोग्राम पळत असतो. तो पळताना आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. तर त्या पळत्या प्रोग्रामला त्याच्याच एखाद्या ओळीवर मध्येच थांबवायचं आणि विचारायचं, बाबा रे, आत्ता तुझ्याकडे अमुक किती आहे? ही सोय करून देणारं सॉफ्टवेअर म्हणजे डीबगर. त्यात एक छोटी खिडकी असते. प्रोग्राममधला एखादा हिशोब उचलून त्या खिडकीत टाकला, की डीबगर तो वाचतो, सोडवतो आणि उत्तर दाखवतो. हिशोब वाचून त्याचा अर्थ लावणारा हा भाग कंपनी सुरू झाली तेव्हा आपांनी एकटीनं लिहिला होता.

माझं काम या सगळ्याचं माहितीपुस्तक लिहायचं. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झालेलो, प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. साहेबांचं म्हणणं असं, की ज्याला कळत नाही त्यानं लिहिलं तरच गिऱ्हाईकाला कळेल. आपा मला 'लेखक' म्हणायच्या. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी कधी विचारलं नाही.

टॉवेलची भानगड हळूहळू कळली. कुणीही अडचण घेऊन आला की आपा त्याची ओळ मशीनला द्यायच्या, पण मॉनिटर झाकलेला. मग म्हणायच्या, "अंदाज बोल. काय येईल?" त्यानं आकडा मोठ्यानं सांगायचा, आजूबाजूला जे कोणी असतील त्यांनीही सांगायचा, आणि मगच टॉवेल निघायचा. अंदाज चुकला तर आपांना मनापासून आनंद व्हायचा. "चुकला ना? आता शिकशील." बरोबर आला तर त्या स्क्रीनकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत, उठून पाणी प्यायला जायच्या. राग यायचा तो एकाच माणसाचा, "माहीत नाही, दाबून बघू" म्हणणाऱ्याचा.

मी एकदा म्हटलं, "आपा, मनातल्या मनात धरला अंदाज तर चालत नाही का?"

"मनातला अंदाज कधी चुकलाय का कुणाचा? उत्तर दिसलं की जो तो म्हणतो, मला हेच वाटलं होतं. म्हणून तोंडानं बोलायचा."

हे वाक्य मी पुढे निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी सासऱ्यांवर वापरून बघितलं. त्यानंतर आमच्या घरात बरेच दिवस शांतता होती.

एसटीतसुद्धा त्यांचं हेच. त्यांच्या आई आजारी होत्या तेव्हा मी एकदा भेटायला म्हणून त्यांच्यासोबत गेलो. गाडी नाशिकच्या ठक्कर बाजार स्टँडवरून निघते न निघते तोच आपांनी विचारलं, "आज विंचूर किती वाजता?" आणि अख्ख्या गाडीत बोली लागल्यासारखं सुरू झालं. एक शाळेतल्या बाई, एक कांद्याचे आडतदार, कॉलेजची दोन पोरं, सगळ्यांनी आपापली वेळ सांगितली. कंडक्टरनं तिकिटं फाडता फाडता सांगितली. जिंकलेल्याला काही मिळायचं नाही. विंचूर आलं की घड्याळं बघायची, हरलेल्यांना आपांनी "का चुकला ते सांग" म्हणायचं आणि त्यांनी निमूटपणे सांगायचं, चांदोरीला ट्रॅक्टर आडवा आला ते धरलंच नव्हतं, वगैरे. आडतदार मला म्हणाले, "हिच्यामुळं मला भाव कळायला लागला, भाऊ. आधी बोलायचं, मग बाजार बघायचा. लय सोपं हाय, पण करवत नाय."

आपांना एका प्रश्नाची चीड होती. एकदा बंगलोरहून एक मोठे गिऱ्हाईक आले. येवला म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला आणि ते म्हणाले, मॅडम, म्हणजे तुमच्या रक्तातच पैठणी, तुमचा कोडही तसाच विणलेला असणार. आपा शांतपणे म्हणाल्या, "आमच्या घरात कुणी पैठणी विणली नाय आणि नेसली पण नाय. वालिदांचं सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढायचे."

पण ते पंक्चरचं दुकान मात्र आपांनी आमच्या ऑफिसात पुरतं मांडलं होतं. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबून बुडबुडा दिसल्याशिवाय पॅच लावायचा नाही, हा त्यांच्या वडिलांचा पहिला नियम. पॅच लागला की टायर चढवायच्या आधी अख्खी ट्यूब पुन्हा पाण्यातून फिरवायची, हा दुसरा, कारण ज्या रस्त्यात एक काटा पडलाय तिथे दुसरा पडलेला असतोच. आमच्याकडची इंजिनियर झालेली पोरं एकमेकांना "बुडबुडा दिसला का?", "ट्यूब फिरवली का?" असं विचारायची, आणि खालच्या पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यातल्या लोकांना वाटायचं की वर गॅरेज आहे.

तिसरा नियम आपांचा स्वतःचा. ज्याचा बग, त्याचा फोन. ज्याच्या हातून चूक झाली त्यानंच गिऱ्हाईकाला फोन करून आपल्या तोंडानं सांगायचं. साहेबांना हा नियम अजिबात आवडत नसे. त्यांच्या मते गिऱ्हाईकाशी बोलायला गोड माणूस लागतो. आपांच्या मते ज्याला लाज वाटते तोच नीट दुरुस्त करतो. दोघांचंही खरं असावं, पण साहेबांनी आपांपुढे कधी ताणून धरलं नाही.

आणि कंस. आपांना कंसांचं वेड होतं. साधी बेरीज असली तरी त्या आकडे कंसात घालायच्या. माझ्या माहितीपुस्तकाचा मजकूर त्यांच्याकडे तपासायला गेला की पेन्सिलीनं जिथे तिथे कंस भरून परत यायचा, हिशोबांतच नव्हे, माझ्या साध्यासुध्या वाक्यांतसुद्धा. "वाचणाऱ्याला डोकं खाजवायला लावू नको, लेखक." एम.ए.ला मला कुणी इतकं छळलं नव्हतं. पण मला त्या फार आवडायच्या, हे एकदा सांगूनच टाकतो. आता त्या निवृत्त होऊन येवल्यात असतात, आणि आमच्या ऑफिसात बसून काम करताना अजून माझी मान आपसूक त्या कोपऱ्याकडे वळते.

त्यांचं जे खरं मोठेपण मी बघितलं ते या कंसांपासूनच सुरू झालं.

गिऱ्हाईकांकडच्या इंजिनियर लोकांसाठी आमच्याकडे अधूनमधून प्रशिक्षणाचा दिवस असायचा. आपा शिकवायच्या, मी चहा आणि पुस्तकं बघायचो. त्या दिवशी शेवटच्या बाकावर एक मुलगी होती, निफाडची. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एक कारखाना द्राक्षं गार करायच्या खोल्यांची यंत्रणा बनवतो, तिथे नव्यानं लागलेली. सकाळपासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. चहा घेतानाही कप भिंतीकडे तोंड करून प्यायली.

आपांचं कंसांवरचं प्रवचन चाललं होतं. कुठे लागतात ते सांगून झालं. मग म्हणाल्या, "आता कुठं नाय लागत ते पण बघा," आणि फळ्यावर लिहिलं, दहा वजा चार वजा तीन. माझ्या माहितीत आपांनी कंसाशिवाय लिहिलेली ही पहिलीच ओळ. तीच ओळ त्यांनी डीबगरच्या खिडकीत टाकली. टॉवेल होताच. "अंदाज बोला."

लोकांना जरा अपमानच वाटला असावा. पहिल्या बाकापासून कंटाळलेल्या सुरात सुरू झालं, तीन, तीन, तीन. शेवटी त्या मुलीपाशी आलं. ती खाली बघत म्हणाली, "नऊ."

सगळे हसले. एकजण म्हणाला, हिला पहिलीत नेऊन बसवा. आपा हसल्या नाहीत. त्यांनी टॉवेल ओढला.

स्क्रीनवर नऊ होते.

खालच्या कारखान्यातली पत्र्याची ठोकाठोक तेवढी ऐकू येत होती. आपा फळ्याकडे बघत राहिल्या, मग त्या मुलीकडे.

"तुला कसं कळलं?"

"आमच्याकडं असंच येतंय मॅडम. कॉम्प्युटर शेवटचं आधी करतो. चारातून तीन गेले एक, दहातून एक गेला नऊ." मग थांबून म्हणाली, "आधी मला पण तीनच वाटायचं."

शिकवताना आपा कधी बसत नसत. त्या वेळी बसल्या. टॉवेल मांडीवर घेऊन, त्याचे सुटलेले धागे ओढत.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मुलीला शेजारी बसवलं आणि स्वतःच्या डब्यातली बाजरीची भाकरी तिच्या पुढ्यात ठेवली. मुलगी आधी बोलेना. मग जे बोलली ते मला कळलं ते असं.

द्राक्षं बागेतून आली की आधी गार करायच्या खोलीत जातात. समजा उतरत उतरत मण्यांचं तापमान नऊ अंशांवर आलंय आणि न्यायचंय दोनवर. यंत्र बंद केल्यावरही खोली आणखी एखादा अंश आपोआप उतरते, म्हणून तो एक सोडून द्यायचा. नऊ वजा दोन वजा एक. म्हणजे यंत्रानं सहा अंश उतरवायचे आणि थांबायचं. मुलीनं अगदी तसंच लिहिलं होतं, आणि चिपमध्ये हिशोबही तसाच, बरोबर होत होता. पण द्राक्षं पेट्यांत भरणाऱ्या एका पॅकहाउसमधून तक्रार आली, की खोली गार व्हायला फार वेळ लागतो. तिच्या साहेबांनी आमचा डीबगर जोडला आणि तिची ओळ त्याच्या खिडकीत टाकली. आमच्या डीबगरनं आधी दोनातून एक वजा केला, मग नऊमधून तो एक वजा केला, आणि सांगितलं, आठ. साहेब म्हणाले, हे बघ, सहाच्या जागी आठ, म्हणूनच वेळ लागतोय, तुझा कोड चुकलाय.

"मी सगळं करून बघितलं मॅडम. शेवटी एकाच्या आधीचं वजा काढून अधिक केलं, तर सहा आलं. मनाला पटत नव्हतं. तिथं वजाच पायजे. पण स्क्रीनवर सहा होतं, सर पण म्हणले, आता बरोबर हाय."

डीबगरच्या उलट वाचण्यात दोन अधिक एक आधी तीन झाले, आणि नऊमधून तीन गेले सहा. पण चिप सरळ वाचत होती. नऊ वजा दोन अधिक एक. तिथे आता खरोखरच आठ झाले. खोली जास्त वेळ चालली, चाचणीचा सगळा माल वाजवीपेक्षा गार झाला, मणी काचेसारखे झाले आणि देठ वाळून गेले. म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरनं आधी चूक नसताना दाखवली, आणि मग या मुलीच्या हातून ती खरी करून घेतली.

"आता सर म्हणलेत, शेवटचं म्हणून ट्रेनिंगला पाठवतो. तिथनं येऊन जमलं नाय तर दुसरीकडं बघ." तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. "घरी सांगितलं नाय अजून. मला वाटतंय मॅडम, मला हे जमतच नसंल."

आपांनी तिला एवढंच विचारलं, "पहिल्यांदा तू वजा का लिहिलं होतं?"

ती गोंधळली. "वजाच होतं म्हणून."

"बस." आपा म्हणाल्या. मग भाकरी तिच्याकडे सरकवून, "तो हिशोब वाचायचा भाग मी लिहिलेला हाय. चूक तुझी नाय, माझी हाय."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला ते खरं वाटलं नाही. कुणी समजूत घालतंय असंच वाटलं असणार.

इतकी वर्षं ही चूक दडली कशी, असा प्रश्न मला पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीतून उतरून आपा थेट माझ्या टेबलाशी आल्या आणि न विचारता उत्तर दिलं. "बुडबुडा दिसला. निफाड सोडल्यावर दिसला." त्यांनी लिहिलेला भाग असा होता, की पहिला आकडा घ्यायचा, वजाचं चिन्ह दिसलं की उजवीकडचं उरलेलं सगळं आधी सोडवून आणायचं आणि मग एकदम वजा करायचं. एकच वजा असेल तर यात काहीच बिघडत नाही. दोन असले की बिघडतं. "आणि मी मेली कंसाशिवाय कधी लिहीतच नाय. वीस वर्षं मीच याला चाचणीला ओळी देते, आणि प्रत्येक वेळी कंस घालून देते. कंस असला की तो बरोबरच वाचतो." ज्या काटेकोरपणाचा आम्ही सगळे धाक बाळगत होतो, त्याच्याच आड हे पंक्चर लपलं होतं.

दुरुस्ती लहान होती. प्रत्येक वजाला फक्त लगतचा एक आकडा घ्यायचा, तिथल्या तिथे वजा करायचा आणि पुढे सरकायचं. दुकानात रांग लागली की समोरच्याचं उरकून मग पुढचा, तसं. ते टाइप करायला आपांना चहा गार व्हायच्या आतला वेळ लागला. पण त्यानंतर त्यांनी ट्यूब फिरवायला घेतली, आणि भागाकारातही तोच काटा निघाला. मग त्या कुणाशी बोलल्या नाहीत. टॉवेल, अंदाज, टॉवेल, अंदाज, स्वतःशीच पुटपुटत. कंसाचं बटण दिसू नये म्हणून त्यांनी कीबोर्डावर त्या जागी चिकटपट्टी लावली होती.

आमचे साहेब येऊन उभे राहिले. "आपा, झालं ना? छान. पुढच्या आवृत्तीत टाकून देऊ. गाजावाजा नको. सिन्नरवाल्यांशी मी बोलतो, सांगतो काहीतरी."

"ज्याचा बग, त्याचा फोन."

"मग करा फोन."

"फोननं नाय भागणार. त्या पोरीची नोकरी चाललीय. मी जाते." आणि माझ्याकडे वळून, "लेखक, तू पण चल. पुढं लिहायचं तुला हाय."

सिन्नरच्या त्या साहेबांना मी खलनायक करणार नाही. माणूस सभ्य होता. आम्हाला बसवलं, थंड पाणी दिलं, आणि आपांनी "चूक माझी आहे" म्हणून सगळं समजावलं ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, सॉफ्टवेअरमध्ये बग असतात, मला मान्य आहे. तुम्ही स्वतः आलात, तुमचा मोठेपणा. पण हिनंही डोळे झाकून वजाचं अधिक केलंच ना?"

"डोळे तिचे उघडे होते, साहेब. झाकायला तुम्ही आणि मी सांगितलं."

आपांनी विचारलं, "आणि खोलीला वेळ का लागत होता ते सापडलं?"

"हो. दाराचं रबर फाटलं होतं. गार हवा बाहेर जात होती."

"म्हणजे पंक्चर," आपा म्हणाल्या. "कोड बघायच्या आधी बघितलं की नंतर?"

"नंतर," तो म्हणाला, आणि त्यानं स्वतःच उठून मुलीला आत बोलावलं.

तिच्यासोबत तिथले आणखी दोघंतिघं इंजिनियरही आले आणि दाराशी उभे राहिले. आपांनी दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर साहेबांच्या लॅपटॉपवर घातलं, मुलीची अगदी पहिली ओळ खिडकीत टाकली, नऊ वजा दोन वजा एक, आणि पिशवीतून टॉवेल काढून लॅपटॉपवर पसरला. तिथल्या लोकांना हे काय चाललंय कळेना.

"अंदाज बोला."

साहेब अवघडून म्हणाले, सहा यायला पाहिजे. दाराशी उभे असलेलेही सहा म्हणाले. राहिली मुलगी.

"तू बोल."

"मॅडम, आता कसं केलंय तुम्ही?" तिनं हळूच विचारलं. "शेवटचं आधी, का पहिलं आधी?"

"ते मी नाय सांगणार."

"मग मला कसं कळणार काय येईल ते?"

"स्क्रीनवर काय येईल ते मी विचारतच नाय बेटा. तुझं किती?"

मला वाटलं, ती रडणार. तिनं साहेबांकडे बघितलं, टॉवेलकडे बघितलं. आपा कसलीच घाई नसल्यासारख्या उभ्या होत्या. खरं तर पाच वाजत आले होते आणि त्यांची नाशिकहून येवल्याची गाडी चुकणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"सहा," मुलगी म्हणाली.

"नक्की?"

"वजा हाय ना मॅडम." आता तिचा आवाज मोठा झाला. "नऊमधनं दोन गेले सात, सातातनं एक गेला सहा. सहाच."

आपांनी टॉवेल काढला नाही. त्या खाली वाकून सँडलचा पट्टा लावायला लागल्या. सगळे वाट बघत राहिले. शेवटी साहेबांनीच हात पुढे करून टॉवेल उचलला, बघितलं आणि म्हणाले, "सहा."

मुलीनं स्क्रीनकडे बघितलं नाही.

साहेबांनी टॉवेलची घडी घातली. मग तिला म्हणाले, "उद्या पॅकहाउसला त्या खोलीवर तू जा. तुझी पहिली ओळ परत टाकून ये. आणि ते दुसरीकडे बघायचं मी बोललो होतो, ते सोडून दे." ती मान हलवून बाहेर गेली आणि फाटकापर्यंत आम्हाला सोडायला आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. टॉवेल आपा तिथेच विसरल्या. नंतर मी दोनदा आठवण केली, तर म्हणाल्या, येवल्यात टॉवेल मिळतात.

परतीच्या गाडीत आपांनी कुणालाही किती वाजता पोचू ते विचारलं नाही. खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. मी काहीबाही बोलत होतो, की आपा, आज फार मोठं काम झालं, पोरीची नोकरी वाचली. शिंदे गाव गेल्यावर त्या म्हणाल्या, "ही एक सापडली. इतक्या वर्षांत अशा किती जणांनी बरोबर लिहिलेलं खोडलं असेल रे? किती जण नऊ म्हणायला शिकले असतील?"

मी अंदाज बोललो नाही. त्यांनीही मागितला नाही.

सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीसोबत सगळ्या गिऱ्हाइकांना एक पत्रक जातं. काय नवीन, काय दुरुस्त, असं. ते मी लिहितो. आमच्या साहेबांनी मला सांगून ठेवलं होतं, की वजाबाकी आणि भागाकाराच्या कामगिरीत लक्षणीय सुधारणा, एवढंच घाल. मी ते घातलं. आपा आल्या, वाचलं, आणि म्हणाल्या, "खोड. मी सांगते ते लिही. सगळ्यात वर लिही."

त्यांनी मराठीत सांगितलं आणि मी इंग्रजीत लिहिलं, पण मला ते मराठीतच आठवतं. एका ओळीत दोन वजा किंवा दोन भागाकार असले तर आमचा डीबगर आजवर चुकीचं उत्तर देत होता. त्यामुळे तुम्ही तुमचा प्रोग्राम बदलला असेल, तर तुम्हाला आधी जे वाटलं होतं तेच बरोबर होतं. चूक आमची होती.

साहेबांनी ते वाचून कपाळाला हात लावला. "आपा, हे वाचून गिऱ्हाइकं पळून जातील."

"ज्याचा बग, त्याचा फोन. इतक्या लोकांना फोन कसा करू? ते कोण आहेत तेच मला माहीत नाय. म्हणून हे."

साहेबांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग तो माझ्या टेबलावर ठेवून, "जाऊ दे तसंच," म्हणून आत गेले. आपांनी सवयीनं पेन्सिल उचलली आणि तो मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचला. एकही कंस घातला नाही.